माहीत असलेला शब्द कोशात शोधा

नमस्कार. तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: तुम्ही सोलापुरात पूर्व भागात राहता, घरी तेलुगू बोलता, मुलगी मराठी माध्यमात आठवीत आहे. तिचे निबंध ‘खूप’, ‘छान’, ‘मस्त’ यांच्या पुढे सरकत नाहीत. शाळेतून ‘शब्दसंग्रह वाढवा’ असं सांगितलं, म्हणून तुम्ही रोज दहा नवे शब्द पाठ करून घेता आणि चौथ्या दिवशी ते पुसले जातात. तर आता कोणता मराठी शब्दकोश घ्यावा, की मोबाइलवरच भागेल?

मी याच शहरात ३२ वर्षं मराठी शिकवलं. माझ्या वर्गात बहुतेक वर्षी निम्म्याहून जास्त मुलांची घरची भाषा तेलुगू, कानडी नाहीतर दखनी असायची. कोणता कोश घ्यावा ते सांगतेच, पण आधी दुसरं काही सांगायचं आहे. तुमच्या लेकीकडे शब्द कमी आहेत असं मला वाटत नाही. घर, गल्ली आणि शाळा यांच्यामध्ये ती रोज दोन-तीन भाषांतून ये-जा करते. तिच्याकडचे शब्द शाळेच्या वहीत उतरत नाहीत, ही खरी अडचण आहे. नवे शब्द पाठ करून ती सुटत नाही, कारण ते शब्द तिच्या कुणाच्याच ओळखीचे नसतात.

हे मला फार उशिरा कळलं. एका मुलीनं निबंधात लिहिलं होतं, ‘आई सकाळी उठून अन्न आणि भाजी करते.’ मी ‘अन्न’ शब्दावर लाल शाईनं रेघ मारली आणि वर ‘स्वयंपाक’ लिहिलं. मधल्या सुट्टीत ती वही घेऊन आली. म्हणाली, ‘बाई, भाजीला भाजी म्हणतात, मग भाताला अन्न म्हटलं तर काय चुकलं?’ तिच्या घरी शिजवलेल्या भाताला ‘अन्नम्’ म्हणत. मी तिला तेव्हा एवढंच सांगितलं, की मराठीत तसं चालत नाही. संध्याकाळी घरी वामन शिवराम आपट्यांचा संस्कृत कोश उघडला, तर ‘अन्न’ शब्दाखाली सर्वसाधारण खाणं हा अर्थ होताच, आणि शिजवलेला भात हाही होता. एकाच शब्दाचा एक अर्थ तेलुगूनं जपला होता, दुसरा मराठीनं. मराठीच्या वहीत दुरुस्ती करावी लागली असती हे खरं, पण ती मुलगी चुकली नव्हती. दुसऱ्या दिवशी कोश वर्गात नेला आणि ती नोंद तिलाच वाचायला लावली. त्या दिवसापासून माझ्या शिकवण्यात एक गोष्ट बदलली. अडलेल्या शब्दासाठी कोश उघडायचा हे मी आधीपासून सांगत होते. आता मी सांगू लागले, की जो शब्द आपल्याला येतो असं वाटतं, त्याच्यासाठी आधी उघडा.

तेलुगू तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त येते, तेव्हा हे तुम्ही लगेच ताडून बघाल. तुमच्याकडे ‘व्यवसायम्’ म्हणजे शेती. मराठीत व्यवसाय म्हणजे कोणताही कामधंदा. ‘अवसरम्’ म्हणजे गरज, आणि मराठीत अवसर म्हणजे संधी किंवा योग्य वेळ. ‘चरित्र’ म्हणजे तुमच्याकडे इतिहास. आमच्याकडे ते एका माणसाच्या आयुष्याचं असतं. हे शब्द तुमच्या मुलीला माहीत आहेत, म्हणून ती कोशात बघत नाही, आणि नेमकी तिथेच घसरते. शिक्षकांना वाटतं मुलीला शब्द येत नाहीत. खरं तर तिला शब्द येतो, फक्त दुसऱ्या घरचा अर्थ घेऊन.

आता रोजच्या दहा शब्दांबद्दल. ते बंद करा असं म्हणायला मला संकोच वाटतो, कारण वडील रोज मुलीजवळ बसतात हीच मोठी गोष्ट आहे. बसणं सोडू नका, फक्त दहाचा एक करा. सुटा शब्द आणि त्याच्यासमोर सुटा अर्थ असं पाठ केलं तर मुलाच्या मनात त्याला धरायला काही नसतं. शब्द लक्षात राहतो तो सोबत्यांमुळे: तो कुणाच्या तोंडी ऐकला, कशाला लागून येतो, कशाला चालत नाही. आपल्या उन्हाचंच बघा.

एप्रिल-मे महिन्यातलं सोलापूर तुम्हाला सांगायला नको. मुलं लिहितात, ‘आमच्या गावात खूप गरम होते.’ मी फळ्यावर पाच शब्द लिहायचे: उकाडा, झळ, चटका, काहिली, तलखी. मग विचारायचे, यातलं तुम्ही काल काय काय सोसलं? सुरुवातीला सगळी म्हणायची, सगळ्यांचा अर्थ एकच, गरम. मग एकेक सुटत जायचं. वारा पडला, पंखा फिरतोय तरी अंगाला घाम चिकटतो, तो उकाडा. रस्त्यावरून गरम वारा तोंडावर येतो, नाहीतर भट्टीसमोरून जाताना लागते, ती झळ. शाळेच्या पटांगणात अनवाणी पाय ठेवला की बसतो तो चटका, त्याला स्पर्श लागतो. अंगाची आतून आग होते ती काहिली. आणि तलखी म्हणजे तीच आग, पण तहानेची आणि जिवाच्या घालमेलीची, म्हणून ती माणसाच्या मनाचीही होते. एक मुलगा विडी कारखान्यात काम करणाऱ्या आईबद्दल लिहायचा. त्यानं त्या आठवड्यात लिहिलं, ‘पत्र्याखाली बसून आईच्या जिवाची काहिली होते.’ हा शब्द त्याला मी दिला नव्हता. त्याची आजी रोज म्हणायची. तो शाळेच्या वहीत लिहायचा असतो, हे त्याला ठाऊक नव्हतं, एवढंच. ‘खूप’ हा शब्द वाईट नाही. नेमका शब्द आठवेना की माणूस ‘खूप’ला हाक मारतो. म्हणून ‘खूप’ खोडून ‘अत्यंत’ लिहायला लावू नका, त्यानं काहीच बदलत नाही. खूप काय, असं विचारा.

तुमच्या मुलीच्या बाबतीत कोशाचा आणखी एक मोठा उपयोग आहे आणि तो सहसा कुणी सांगत नाही. शब्दापुढे बारीक अक्षरात ‘पु.’, ‘स्त्री.’, ‘न.’ असं छापलेलं असतं. मराठी घरातलं मूल त्याच्याकडे बघतही नाही, कारण ते त्याला कानानं येतं. तेलुगू घरातल्या मुलाला तीच अक्षरं सर्वांत मोलाची. मराठीत दगड पडला, वीट पडली, झाड पडलं. तेलुगूत तिघांनाही ‘पडिंदि’. कानडीतही निर्जीव वस्तू सगळ्या नपुंसकलिंगीच. मग ‘माझा वही’, ‘मोठी दप्तर’ असं झालं तर नवल काय? हा निष्काळजीपणा नव्हे, आणि यावर हसलं की मूल त्या वस्तूबद्दल लिहिणंच टाळतं. मी हे डोळ्यांनी बघितलं आहे: चुकायच्या भीतीनं मुलं लिंग लपवता येईल अशी वाक्यं शोधून काढतात आणि निबंध चार ओळींचा होतो. म्हणून शब्द लिहून घेताना ‘वही’ असा सुटा लिहू नका. ‘ती वही, माझी वही’ असाच लिहा.

कोशात शब्द सापडत नाही ही तक्रार ती पहिल्याच आठवड्यात करेल, त्याची तयारी ठेवा. ‘मळ्यात’ हा शब्द ती ‘मळ्या’ म्हणून शोधेल आणि तो मिळणार नाही. कोशात ‘मळा’ असतो. ‘पाण्याने’ हवा असेल तर ‘पाणी’, ‘धावतो’ हवा असेल तर ‘धावणे’. विभक्ती लागताना शब्दाचं रूप बदलतं, त्याला आपण सामान्यरूप म्हणतो. व्याकरणाच्या तासाला ते कंटाळवाणं वाटतं, पण कोशात शब्द शोधताना ते आपसूक पक्कं होतं, कारण मूळ रूप ओळखल्याशिवाय दारच उघडत नाही. आणखी एक: काही कोशांत ‘क्ष’ हा ‘क’च्या जोडाक्षरांत येतो, काहींत सगळ्यांत शेवटी. अनुस्वाराचे शब्दही कुठे आधी, कुठे नंतर. कोश घरी आला की पहिल्या दिवशी दोघांनी त्याची मांडणी समजावून देणारी सुरुवातीची पानं वाचा.

आता कोणता घ्यावा ते. हे तीन गोष्टींवर अवलंबून आहे: मुलगी किती वाचते, तिच्याजवळ बसायला कुणाला वेळ आहे, आणि किती पैसे घालता येतील. आठवीसाठी एका खंडाचा, आजच्या शुद्धलेखनातला शालेय मराठी-मराठी कोश पुरेसा आहे. एखाद्या विशिष्ट कोशाचं नाव सांगण्यापेक्षा पारख सांगते. दुकानात उभं राहून ‘हात’ शब्द काढा. नुसतं ‘कर, हस्त’ लिहिलं असेल तर पुस्तक परत ठेवा. हात देणे, हात आखडणे, हात टेकणे, हातावर तुरी देणे, हातचं राखून वागणे, यांतलं निम्मं तरी तिथे असलं पाहिजे. मग लिंग दिलंय का बघा, आणि एखाद्या क्रियापदाला वापराचं वाक्य आहे का बघा. या तीन कसोट्यांना उतरेल तो घ्या. मुलीलाच सोबत न्या आणि तिलाच शोधू द्या.

मोबाइलला माझा विरोध नाही. उलट जे मोठे कोश मला उमेदीच्या काळात ग्रंथालयात बसून बघावे लागायचे, ते आता फुकट उघडतात. मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश शिकागो विद्यापीठाच्या संकेतस्थळावर आहे. मोल्सवर्थनं मराठी शास्त्रीपंडितांना हाताशी धरून तो रचला. पहिली आवृत्ती १८३१ची, कँडी बंधूंच्या मदतीनं वाढवलेली दुसरी १८५७ची, तिच्यात सुमारे ६०,००० शब्द आहेत. दाते-कर्वे यांचा महाराष्ट्र शब्दकोश १९३२ ते १९३८ या काळात सात खंडांत निघाला, पुढे १९५०मध्ये पुरवणी आली. तोही तिथे आहे. ‘बृहद्कोश’ नावाच्या संकेतस्थळावर असे अनेक जुने कोश एकदम धुंडाळता येतात. एक काळजी मात्र घ्या. मराठी शुद्धलेखनाचे आजचे नियम १९६२चे, त्यांत १९७२मध्ये भर पडली. हे कोश त्याच्या आधीचे, त्यामुळे त्यांत ‘करणें’, ‘झाडें’ अशी अनुस्वाराची जुनी रूपं भेटतील. अर्थासाठी ते बघा, शुद्धलेखनासाठी बघू नका. नाहीतर परीक्षेत गुण जातील आणि कोशावरचा विश्वासही जाईल. यंत्रानं भाषांतर करून देणाऱ्या अॅपला मात्र मी कोश म्हणणार नाही. ते एका शब्दाला एक शब्द देतं, आणि अर्थाची खरी हकीगत त्यात गळून जाते.

छापील कोश तरीही घ्या म्हणते, त्याचं कारण शेजार. ‘अडकित्ता’ शोधायला गेलेलं मूल वाटेत ‘अडगळ’, ‘अडचण’, ‘अडणी’ बघतं. अडकित्त्यावरून आठवलं. कानडीत सुपारीला ‘अडिके’ म्हणतात. हे मी वर्गात सांगितलं की कानडी मुलांचे चेहरे उजळायचे: हा तर आमचाच! लगेच तेलुगू मुलं पुढे यायची, बाई, आमच्याकडे कुलूप म्हणजे ‘ताळम्’, मग मराठीत ‘टाळं ठोकलं’ म्हणतात ते काय? कोण कुणाकडून शिकलं हा वाद पंडितांना करू द्या. मुलांना एवढं कळलं तरी पुष्कळ, की मराठीचं घर त्यांना परकं नाही.

एकच उदाहरण आणखी देते, कारण ते तुमच्या रोजच्या वाटेवर उभं आहे. मे १९३०मध्ये सोलापुरात मार्शल लॉ लागला. त्या प्रकरणात मल्लप्पा धनशेट्टी, अब्दुल रसूल कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे आणि श्रीकिसन सारडा यांना १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्याच्या तुरुंगात फाशी दिलं गेलं. त्यांचे चार पुतळे आपण येता-जाता बघतो, आपल्या पुण्याच्या गाडीला ‘हुतात्मा’ नाव आहे. मी मुलांना विचारायचे, हुतात्मा म्हणजे? ‘देशासाठी मेलेला.’ मग कोश उघडायचा. ‘हुत’ म्हणजे अग्नीत अर्पण केलेलं. होम, हवन, आहुती, सगळे एकाच ‘हु’ धातूचे. ज्यानं स्वतःलाच आहुती म्हणून दिलं तो हुतात्मा. मग ‘शहीद’ काढायचा. तो अरबी, साक्ष देणे या अर्थाच्या धातूवरून आलेला. मरणानं सत्याची साक्ष दिली तो शहीद. मग कुणीतरी मुलगा हळूच विचारायचा, बाई, कुर्बान हुसेन यांच्या नावातलं कुर्बान? तेही शोधायचं: अर्पण, बलिदान. वर्ग गप्प व्हायचा. रोज बघितलेला पुतळा आणि रोज ऐकलेला शब्द, दोन्ही त्या दिवशी पहिल्यांदा दिसायचे. शब्दाची ताकद म्हणतात ती मला तिथे कळली, भाषणांत नाही.

हा ‘हुतात्मा’ शब्द रूढ केल्याचं श्रेय सावरकरांना दिलं जातं. घडवलेला शब्द लोकांनी उचलला की असा टिकतो. सगळेच टिकत नाहीत. शिवाजी महाराजांनी राज्यव्यवहारकोश करवून घेतला, दरबारातल्या फारसी-अरबी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द दिले, त्यात ‘पेशवा’चा ‘प्रधान’ झाला. पण पुढे शतकभर लोक पेशवाच म्हणत राहिले. कोश वाट दाखवतो, चालायचं की नाही ते बोलणारी माणसं ठरवतात. तुमची मुलगीही त्या माणसांपैकीच एक आहे, हे तिला सांगा.

म्हणजे आतापर्यंत इतकं झालं: दिवसाला एकच शब्द, तोही ओळखीचा, सोबत त्याचं लिंग आणि त्याचे सोबती, घरात एक छापील कोश, आणि मोठ्या कोशांसाठी मोबाइल. आता हे ठेवायचं कुठे? त्यासाठी एक शंभर पानी वही करा. एका शब्दाला एक पान. वर शब्द, ‘तो-ती-ते’ यांपैकी जे असेल ते, कोशातला अर्थ तिच्या शब्दांत, घरी तेलुगूत काय म्हणतात ते, कुणाच्या तोंडून ऐकला, आणि शेवटी तिचं स्वतःचं एक वाक्य. पान भरायची घाई नको. सहा महिन्यांनी त्याच शब्दाचा नवा अर्थ भेटला की परत त्याच पानावर यायचं, म्हणून जागा मोकळी ठेवायची.

तुमच्या घरी कधी माग होता का, मला माहीत नाही. पूर्व भागात बऱ्याच घरांत होता. असेल तर त्या वहीची काही पानं आजोबांसाठी ठेवा. माझ्या एका विद्यार्थ्यानं आजोबांजवळ बसून धोटा, कांडी, फणी, ताणा, बाणा, खळ असे शब्द लिहून आणले होते, प्रत्येकापुढे चित्र काढून. त्यांच्या घरातला हातमाग तोवर मोडीत निघाला होता. आजोबा शब्द सांगताना हातांनी हवेत धोटा फेकून दाखवत होते, असं त्यानं लिहिलं होतं. त्यातले दोन शब्द ज्या अर्थानं आजोबा वापरत होते त्या अर्थानं मला घरातल्या एकाही कोशात सापडले नाहीत. मी त्याला ते खरंखरं सांगितलं. तो म्हणाला, मग आपणच लिहून ठेवू. कोश असेच होतात: कुणीतरी बोलतं, आणि कुणीतरी ते वाया जाऊ न देता टिपून ठेवतं. आजोबा तेलुगूत सांगतील, काही मराठीत, काही असे की कोणत्या भाषेतले ते त्यांनाही सांगता येणार नाही. सगळे लिहा.

पहिला शब्द मुलीलाच निवडू द्या. कठीण, परीक्षेत येणारा, तुम्हाला आवडणारा असा सुचवू नका. बहुतेक मुलं हमखास वापरातला शब्द निवडतात, आणि तिनं ‘छान’ निवडला तर ‘छान’च उघडा. कोशात काय लिहिलंय ते वाचा. आईच्या हातची शेंगाचटणी छान, गड्ड्याच्या यात्रेतला पाळणा छान, मैत्रिणीचं अक्षर छान, या तिन्ही छानांत काय वेगळं आहे ते तिला विचारा, आणि ती सांगेल तसंच्या तसं लिहून घ्या. मग घरी म्हणता तो ‘बागुंदि’ त्याच पानावर, त्याच्या शेजारी.